महाविद्यालयाची निवड आणि शाळेचें काम

मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला, त्याच्या हातीं शाळा सोडल्याचा दाखला पडला, कीं शाळेचें काम संपलें, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. शाळेनें शिकवावें, मुलानें शिकावें आणि पुढें कोठें जावें तें वडिलांनीं ठरवावें, ही वांटणी वरवर पाहतां निर्दोष दिसते. परंतु ज्या वडिलांनीं महाविद्यालयाची पायरी कधीं चढलेली नाहीं, त्यांनीं तें कशाच्या आधारें ठरवावें, हा प्रश्न ह्या वांटणींत कोणी विचारीत नाहीं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत असे पालक थोडेथोडके नाहींत. सरकीच्या कोणत्या वाणाला किती पाणी लागतें, पऱ्हाटीवर बोंडअळी केव्हां उतरते, हें ते झोपेंतून उठवून विचारलें तरी सांगतील. मुलाला अकरावीस गणित घ्यावयास लावावें कीं जीवशास्त्र, हें मात्र ते शेजारच्याच्या मुलाकडे पाहून ठरवितात, आणि शेजारच्यानें तें आणखी कोणाकडे पाहून ठरविलेलें असतें. म्हणून महाविद्यालयाची निवड कशी करावी, आणि तींत शाळेनें काय करावें, ह्याचा थोडा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहोंत.

पूर्वीं अडचण नव्हती असें नव्हे. ती निराळ्या जातीची होती. नागपुरास पहिलें महाविद्यालय स्कॉटिश मिशननें इ. स. १८८३ सालीं उघडलें. तेंच हिस्लॉप कॉलेज. मागून १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें. वऱ्हाडांत अमरावतीस किंग एड्वर्ड कॉलेज निघावयास १९२३ साल उजाडलें. वणीस १८८० सालीं जन्मलेले लोकनायक बापूजी अणे मॉरिस कॉलेजांत शिकले, आणि पुढें पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक हेहि त्याच कॉलेजांत गेले. त्या काळच्या मुलापुढें कोठें जावें हा प्रश्न फारसा नसे. जातां येईल कीं नाहीं, एवढाच असे. आज ती स्थिति पालटली आहे. अकोल्याचें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं झालें. १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें, त्याच सालीं पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, १९८९ सालीं यवतमाळास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलें आणि १९९६ सालीं तेथेंच अभियांत्रिकी महाविद्यालयहि सुरूं झालें. तंत्रनिकेतनें, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, परिचारिकांचें शिक्षण, समाजकार्याचें शिक्षण हीं वेगळींच. दारें पुष्कळ झालीं. पण प्रत्येक दाराला निराळें कुलूप आणि प्रत्येक कुलुपाची निराळी किल्ली, असा प्रकार होऊन बसला आहे.

ह्या विषयाचा शास्त्रीय विचार प्रथम अमेरिकेंत झाला. बोस्टन शहरांत फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थांनीं १९०८ सालीं व्यवसायनिवडीसाठीं एक कचेरी उघडली. तीं मुलें बहुतेक गरीब वस्तींतलीं, परदेशांतून आलेल्या कुटुंबांतलीं होतीं. पार्सन्स त्याच वर्षीं वारले. त्यांचें पुस्तक त्यांच्या मागें १९०९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांचें म्हणणें साधें होतें. मुलानें आधीं स्वतःस ओळखावें; मग निरनिराळ्या कामांची, त्यांत लागणाऱ्या गुणांची व मिळणाऱ्या वेतनाची माहिती करून घ्यावी; आणि शेवटीं ह्या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी ह्या तीन गोष्टींत भर घालण्यासारखें फारसें कोणास सांपडलेलें नाहीं. आपल्याकडे मात्र पहिल्या दोन गोष्टी वगळून एकदम तिसरीवर उडी मारण्याचा प्रघात आहे.

त्यांत निर्णयाचें वयहि खालीं आलें आहे. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीस अनुसरून दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना देशांत आली, आणि महाराष्ट्रांत दहावीची पहिली शालांत परीक्षा १९७५ सालीं झाली. तेव्हांपासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें आपली शाखा ठरवावी, असा नियम झाला. ह्याच अडचणीवर उपाय म्हणून राज्यांत २०१६ सालापासून कांहीं वर्षें दहावीच्या मुलांची कल चाचणी घेण्यांत आली. ती वाईट होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तिचा दोष असलाच तर एवढाच, कीं निकालाचा कागद मुलाच्या हातीं पडे, पण तो त्याच्यासह बसून वाचणारें कोणी नसे. वैद्यानें नाडी पाहून चिठ्ठी लिहावी आणि औषधाचें दुकानच गांवांत नसावें, अशांतला तो प्रकार झाला.

आतां शाखेच्या निवडीकडे वळूं. येथें एक गोष्ट मुलांनीं नीट ध्यानांत ठेवावी. कांहीं वाटा मागें फिरूं देतात, कांहीं देत नाहींत. विज्ञान शाखेचा मुलगा बारावीनंतर कला शाखेकडे, कायद्याकडे, समाजकार्याकडे किंवा वाणिज्याकडे जाऊं शकतो; पण ज्यानें अकरावीस विज्ञान घेतलें नाहीं त्याला पुढें अभियांत्रिकीची किंवा वैद्यकाची वाट सहसा मिळत नाहीं. विज्ञानांतहि ज्यानें जीवशास्त्र सोडलें त्याला डॉक्टर होणें सहसा कठीण जातें, आणि ज्यानें गणित सोडलें त्याला अभियांत्रिकीची आशा सोडावी लागते. दोन्ही विषय ठेवतां येतात, परंतु ओझें वाढतें. ह्याचा अर्थ सर्वांनींच विज्ञान घ्यावें असा कोणी काढील, तर तो चुकीचा होय. भाषेंत ज्याचें मन रमतें, इतिहासाचें पुस्तक हातीं आलें कीं जो जेवण विसरतो, त्याला भौतिकशास्त्राच्या घाण्याला जुंपून दोन वर्षें फिरवावें, आणि मग तो पडला म्हणून त्यालाच दोष द्यावा, हा अन्याय आहे. पांच वर्षांचें कायद्याचें शिक्षण कोणत्याहि शाखेंतून बारावी झालेल्यास घेतां येतें, ही साधी गोष्टहि आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकीं आठ पालकांना नवी वाटते.

आणखी एक वाट लोक उगाच कमी लेखतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेतली, तर तेथून अभियांत्रिकीच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. हाताला काम येतें, खर्च कमी लागतो आणि मध्येंच घराला गरज पडली तर नोकरीहि धरतां येते. यवतमाळास सरकारी तंत्रनिकेतन आहे. असें असतां आपल्या हुशार मुलाला तेथें घालणें म्हणजे त्याचा मानभंग, असें समजणारे पालक आम्हीं पाहिले आहेत.

परीक्षा आणि प्रवेश ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें न समजल्यामुळें दरवर्षीं कांहीं चांगलीं मुलें मागें राहतात. वैद्यकासाठीं नीट ही परीक्षा सबंध देशाची एक आहे. तींत गुण चांगले पडले म्हणजे प्रवेश आपोआप होईल, अशी पुष्कळांची समजूत. वास्तविक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील शंभरांपैकीं पंधरा जागा अखिल भारतीय वांट्याच्या असतात व उरलेल्या पंचाऐंशी राज्याच्या. पहिल्या वांट्यासाठीं दिल्लीच्या समितीकडे निराळी नोंदणी करावी लागते, आणि दुसऱ्यासाठीं राज्याच्या सीईटी कक्षाकडे निराळी. ज्यानें दुसरी नोंदणी केली नाहीं तो राज्याच्या यादींत असणारच नाहीं, मग गुण कितीहि असोत. अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषि ह्यांसाठीं राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते, आणि तिच्यानंतरहि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. हा क्रम पुष्कळ मुलें सायबर कॅफेंतल्या माणसाला भरावयास सांगतात! पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरली जाते व पुढच्या फेऱ्यांत बदल करतां येत नाहीं. तेव्हां यादींत वर कोणतें नांव लिहावें ह्याचा विचार घरीं, शांतपणें, वडीलधाऱ्यांसह बसून झाला पाहिजे. आपल्याला जें खरोखर हवें तेंच वर लिहावें. जें मिळेलसें वाटतें तें नव्हे.

नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हें देशांतील नामांकित विद्यालय. देशाच्या इतर राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांप्रमाणें तेथेंहि निम्म्या जागा स्वतःच्या राज्यांतील विद्यार्थ्यांसाठीं असतात, म्हणजे आपल्या मुलांना तेथें बाहेरच्या प्रांतांतल्या मुलांपेक्षां सोय अधिक आहे. परंतु तेथील प्रवेश राज्याच्या परीक्षेवर नाहीं, जेईई ह्या देशव्यापी परीक्षेवर होतो. तो अर्ज बारावीच्या हिवाळ्यांतच भरावा लागत असल्यामुळें ज्या मुलाला हें उन्हाळ्यांत कळतें त्याला तें कळून उपयोग नसतो.

दाखल्यांची गोष्ट कंटाळवाणी आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमी लेयरचा, आर्थिक दुर्बलांना त्यांचा निराळा. ह्या सर्वांत वेळ खाणारें म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. पडताळणी समितीकडे आजोबा-पणजोबांच्या शाळेचे किंवा महसुलाचे जुने कागद द्यावे लागतात, आणि कोलाम, गोंड किंवा बंजारा कुटुंबांत ज्यांच्या आजोबांनीं शाळाच पाहिली नाहीं त्यांना ते शोधण्यास महिनेच्या महिने लागतात. हा अर्ज अकरावी-बारावींत असतांनाच महाविद्यालयाच्या पत्रासह करतां येतो. निकालानंतर धांव घेणाऱ्यास तहसिलीच्या दाराशीं गर्दी व समितीच्या दाराशीं तारीख, एवढेंच मिळतें. शाळेच्या दाखल्यावर नांव एक आणि आधार कार्डावर दुसरें, असें असेल तर तें आधीं दुरुस्त करून घ्यावें. एका वेलांटीपायीं मुलांचे हाल झालेले आम्हीं पाहिले आहेत.

आतां पैशाची गोष्ट. ह्या जिल्ह्यांत तीच सर्वांत जड आहे, म्हणून तिच्यावर आम्ही थोडें थांबणार आहोंत. आपल्याकडे कापूस वेचणीस दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास लागतो आणि त्याचा पैसा हिवाळ्यांत हातीं येतो. महाविद्यालयाचें शुल्क व वसतिगृहाची अनामत मात्र जून ते ऑगस्ट ह्या महिन्यांत मागतात. नेमक्या त्याच दिवसांत बियाणें, खत, डवरणी, निंदण ह्यांचा खर्च उभा असतो आणि घरांत रोकड नसते. सावकार तेव्हांच भेटतो. प्रवेशाचा विचार जूनमध्यें सुरूं करणारा शेतकरी म्हणजे हंगामाच्या उलट्या बाजूनें शेत नांगरणारा होय. दिवाळीनंतर, कापसाची पट्टी हातांत असतांना, येत्या उन्हाळ्यांत किती रक्कम लागेल ह्याचा अंदाज ज्याच्याजवळ असेल, त्याला तेवढी बाजूस ठेवतां येईल. हा अंदाज करून देणें हें शाळेचें काम आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, कारण तो दुसरें कोणी करून देत नाहीं.

आणि तो अंदाज पुष्कळदां वाटतो त्याहून कमी निघतो. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानें, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचें शिकवणी शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें. अट ही, कीं प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून नव्हे. आमच्या माहितींतील एका शेतकऱ्यानें घाबरून मुलीसाठीं व्यवस्थापनाची जागा घेतली व त्यापायीं दीड एकर गहाण टाकलें. चार दिवस थांबून दुसऱ्या फेरीची वाट पाहिली असती, तर त्या मुलीच्या गुणांवर तीच जागा बहुधा शुल्काशिवाय मिळाली असती. त्याला तसें सांगणारें कोणी भेटलें नाहीं. ज्याच्याकडे तो गेला त्याचा तर न सांगण्यांतच लाभ होता. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांस स्वाधार योजनेंतून, तर अनुसूचित जमातीच्या मुलांस स्वयंम योजनेंतून राहण्या-जेवण्याचा भत्ता मिळतो, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवानेंहि वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्याची योजना आहे. प्रत्येकीच्या अटी निराळ्या आणि तारखा निराळ्या.

शिकवणीच्या वर्गांविषयीं दोन शब्द. कोटा, लातूर, नांदेड हीं नांवें आतां खेड्याखेड्यांत पोंचलीं आहेत. तेथें जाऊन यशस्वी झालेल्यांचीं चित्रें रस्तोरस्तीं लागतात. जे परत आले त्यांचीं कोणी लावीत नाहीं. मुलाची आवड खरी असेल, पाया पक्का असेल, तर बाहेर पाठविण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु पाठविण्यापूर्वीं मागच्या वर्षांची प्रश्नपत्रिका घरीं वेळ लावून सोडवून पाहावी. त्या तीन तासांत जें कळेल तें कोणत्याहि जाहिरातींत छापलेलें नसतें. आणि एक वर्ष पुन्हां परीक्षेस बसण्याचा निर्णय घ्यावयाचा तर तो मुलानें स्वतः, दुसरी कोणती वाट मोकळी आहे हें जाणून घ्यावा. नातेवाईकांना तोंड कसें दाखवावें ह्या विचारानें घेऊं नये.

शाळेबाहेर हें काम कोणी करीत आहे काय? आहे, आणि तें आपल्या यवतमाळांतच. श्री. राजू केंद्रे हे लोणार तालुक्यांतील एका शेतकऱ्याचे चिरंजीव, घराण्यांतले पहिले पदवीधर. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत त्यांचें शिक्षण झालें. २०१७ सालीं त्यांनीं एकलव्य ही संस्था काढली; पुढें २०२१ सालीं चेव्हनिंग शिष्यवृत्ति मिळून ते स्वतः लंडनला शिकावयास गेले. ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणी महाविद्यालयांत गेलें नाहीं अशा खेड्यांतील मुलांना देशांतील नामांकित संस्थांची माहिती द्यावी, शिबिरें भरवून प्रवेश परीक्षांची व मुलाखतींची तयारी करून घ्यावी, आणि अर्ज भरण्यापासून प्रवेशापर्यंत सोबत करावी, असें त्या संस्थेचें काम आहे. ह्या कामांतली आम्हांला विशेष आवडलेली गोष्ट ही, कीं मार्ग दाखविणारे बहुधा तोच मार्ग नुकतेच चालून गेलेले तरुण असतात. मुंबईच्या वसतिगृहांत पहिल्या महिन्यांत काय वाटतें, इंग्रजी व्याख्यान समजेनासें झालें म्हणजे काय करावें, हें पन्नाशीच्या मास्तरांपेक्षां वीस वर्षांचा मुलगा नीट सांगतो.

तेंच आपल्याला करतां येण्याजोगें आहे. आपल्या शाळेचे जुने विद्यार्थी नागपूर, अमरावती, पुणें येथें शिकत आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टींत ते घरीं येतात. त्यांना एक दिवस शाळेंत बोलवावें. भाषणासाठीं नव्हे, तर चारचार मुलांच्या घोळक्यांत बसून प्रश्नांचीं उत्तरें देण्यासाठीं. दुसरें, प्रत्येक मुलाची एक वही नववीपासून ठेवावी. तींत गुण तर असावेतच, पण त्याला काय करतांना वेळेचें भान राहत नाहीं, तो कोणत्या कामाला कंटाळतो, घरीं कोणतें काम करतो, हेंहि वर्गशिक्षकांनीं दोन ओळींत लिहावें. तिसरें, मागील दहा वर्षांत येथून गेलेलीं मुलें कोठें गेलीं, त्यांना काय खर्च आला, मध्येंच कोणी सोडलें व कां सोडलें, ह्याची नोंद असावी. सोडलेल्यांची नोंद यशस्वी झालेल्यांच्या नोंदीपेक्षां अधिक उपयोगाची असते.

शिक्षक म्हणतील, आम्हांला आधींच उसंत नाहीं. निवडणुकीचें काम, सर्वेक्षण, रोज नवे तक्ते. तें खरें आहे. म्हणून हें काम सर्वांच्या गळ्यांत न घालतां एका शिक्षकाकडे द्यावें, आणि त्याच्या वेळापत्रकांतून आठवड्याचे तीन तास खरोखर मोकळे करावे. नांवाला नेमणूक आणि तास तसेच, असें होऊं नये. त्या शिक्षकानें एक नियम मात्र कडक पाळावा. उन्हाळ्यांत जागा भरण्यासाठीं कांहीं महाविद्यालयांचे प्रतिनिधि शाळांतून व घरोघर फिरतात. त्यांच्याकडून माहितीपत्रक घ्यावें. पेन, डायरी, चहापाणीसुद्धां घेऊं नये. ज्याच्या शब्दावर शेतकरी आपलें वर्षाचें उत्पन्न लावणार, त्याच्या मनांत कोणाविषयीं मिंधेपणा असतां कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडेहि एक काम आहे. जें महाविद्यालय तुमच्या मनांत आहे त्याविषयीं स्वतः विचारा. त्याला विद्यापीठाची संलग्नता आहे काय? परिचारिकेचा अभ्यासक्रम असेल तर परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? शुल्काखेरीज आणखी कशाकशाचे पैसे घेतात? वसतिगृहांत जागा आहे कीं खोली भाड्यानें घ्यावी लागेल? प्रयोगशाळा चालू असते कीं कुलुपांत? शक्य झाल्यास तेथें शिकणाऱ्या मुलाशीं दाराबाहेर बोला. आणि मनांत जें असेल तें घरीं आईवडिलांना स्वतःच्या तोंडानें सांगा. तुमच्या मनांत नर्सिंग आणि बाबांच्या मनांत अभियांत्रिकी, हें निकालाच्या दिवशीं कळण्यापेक्षां नववींत कळलेलें बरें. मुलींना हें सांगणें जड जातें हें आम्ही जाणतों. तुमच्या बाई तुमच्याबरोबर घरीं येऊन बसावयास तयार आहेत.

ह्या वर्षीं पालकांची पहिली सभा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारीं, दुपारीं दोन वाजतां, शाळेच्या दिवाणखान्यांत भरेल. लांबच्या गांवच्या पालकांना परतीची एस. टी. सांपडावी म्हणून वेळ दुपारची ठेविली आहे. येतांना मुलाचें आधार कार्ड, जातीचा दाखला असल्यास तो, आणि घरांत आजोबा-पणजोबांचा कोणताहि जुना कागद असेल तर तोहि बरोबर आणावा. फाटका असला तरी चालेल.